वर काही ठेवू नये

आमच्या साडूंइतका मालाचा जाणकार अख्ख्या रायगड जिल्ह्यात दुसरा नसेल. हे मी त्यांच्या तोंडावर कधी बोललो नाही, कारण त्यांनी लगेच विचारलं असतं, "अख्खा जिल्हा म्हणजे किती टन?" रोह्याच्या एका स्प्रिंगांच्या कारखान्यात माल पाठवण्याच्या खात्यात त्यांची हयात गेली. कुठली पेटी भाड्याच्या कुठल्या वर्गात बसवायची हे ते ठरवत. त्यासाठी त्यांचे चार प्रश्न होते: वजन किती, जागा किती खातं, वर ओझं सोसतं का, आणि वाटेत काही झालं तर जबाबदार कोण. हे प्रश्न कारखान्यातच राहिले असते तर आम्ही सुखात असतो. पण साडू ते रोह्याजवळच्या अष्टमी गावातल्या घरी सोबत घेऊन येत. पेणला आमच्याकडे गणपती न्यायला आले की मूर्तिकाराला रंगाबद्दल एक शब्द विचारणार नाहीत. मूर्ती आतून पोकळ किती, एवढीच चौकशी. माझ्या बायकोने फराळाचा डबा भरून दिला तर, "काय गो, चिवडा खाली नि लाडू वर? उलटं भरलंस," म्हणून डबा तिथेच रिकामा करत. माझ्या मुलीला बघायला आलेल्या मुलालाही त्यांनी गंभीरपणे विचारलं, "वर ओझं सोसवतं का?" मुलगा घाबरून "व्हय" म्हणाला. लग्न ठरलं.

त्यांच्या निवृत्तीला आठ महिने उरले असताना एका सकाळी मेहुणीचा फोन आला. "भावजी, लवकर या. हे ट्रकात जाऊन बसलेत." पेणच्या रामवाडी स्टँडवरून एसटी पकडून मी रोह्याला पोहोचलो. साडू खरंच ट्रकात होते, एका लाकडी पेटीवर मांडी घालून. पेटीत स्प्रिंगांचे जोड होते: दोन पोलादी चकत्यांमध्ये स्प्रिंग दाबून मधून बोल्टने आवळलेली. नव्या साहेबांनी बिल्टीवर, म्हणजे मालासोबत जाणाऱ्या भाड्याच्या कागदावर, तो माल साध्या लोखंडी सामानाच्या स्वस्त वर्गात लावला होता. त्या वर्गाचा माल हमाल फेकतात आणि त्यावर हवं ते रचतात.

"लोखंडच आहे ना?" साहेब खालून ओरडले. "बिल्टीवर सही करा, नाहीतर उद्यापासून येऊ नका."

"लोखंड हाय साहेब, पण गप पडलेलं नाय, दाबून धरलेलं हाय," साडू म्हणाले. "बोल्ट तुटला तर चकती गोळीसारखी सुटंल. जपून न्यायच्या मालाचा वर्ग लावा. तोवर मी हितंच बसतो. माणूस बसलाय म्हटल्यावर वर कोण काय ठेवत नाय."

मी समजूत घालायला आलो होतो. "आठच महिने राहिलेत," मी म्हणालो, "कशाला ताणता?" तेवढ्यात एका म्हाताऱ्या हमालाने खालून त्यांना चहाचा ग्लास दिला. त्याच्या उजव्या हाताला दोन बोटं नव्हती. माझी नजर तिथे गेलेली पाहून साडू हळूच म्हणाले, "मी नवीन होतो तवा. घाईत मीच लोखंडी सामान म्हणून लिवलं. यांनी पेटी टाकली, नि बोल्ट तुटला."

"जुनं झालं ते," हमाल म्हणाला. "चहा प्या."

मी चपला काढल्या, ट्रकात चढलो आणि शेजारच्या पेटीवर बसलो. या माणसाचे आपण साडू आहोत याचा एवढा अभिमान मला त्याआधी कधी वाटला नव्हता.

तीन वाजता साहेबांनी नवी बिल्टी पाठवली. साडूंनी ती दोनदा वाचली आणि मग सही केली. पायांना मुंग्या आल्या होत्या, म्हणून चौघा हमालांनी त्यांना धरून खाली उतरवलं, तेही कुठे धक्का न लावता.

आता ते निवृत्त आहेत. संध्याकाळी कुंडलिका नदीच्या पुलावर उभे असतात. मी गेलो की मीही. कारखान्याचे ट्रक जातात, मागे बसलेले हमाल ओळखून हात करतात. साडूंचं लक्ष पेट्यांकडे. हल्ली त्यांना लांबचं अंधूक दिसतं, म्हणून मला विचारतात, "वर काय ठेवलंय का?" मी नीट बघतो. काही ठेवलेलं नसतं. तसं सांगितलं की ते समाधानाने घराकडे चालू लागतात. उद्या हे विचारायला ते नसले, तरी त्या पुलावर माझी नजर आधी पेट्यांकडेच जाईल.