हळू मावशींचे हात

हळू मावशींनी कुणाचा चेहरा कधी पुसला नाही. टिपला. जुन्या सुती साडीचा मऊ तुकडा त्या ओल्या गालावर ठेवत, क्षणभर थांबत आणि उचलत. कुणी घाईने स्वतःच तोंड खसाखसा पुसायला लागलं, की मनगट धरत. “हळू, बाय, हळू. तोंड हाय, तवा न्हाई.” त्या एका शब्दावरून मिरजगावात त्यांचं नाव पडलं. खरं नाव मतदार यादीत असेल. मी कधी विचारलं नाही.

स्टँडजवळ, पिठाच्या गिरणीला लागून त्यांची एका खुर्चीची खोली होती. खुर्ची न्हाव्याच्या दुकानातून आलेली, भिंतीवर क्रूस आणि कॅलेंडर, बाहेर पाटी नाही. त्याआधी बरीच वर्षं त्या नगरच्या एका दवाखान्यात आया होत्या. अंथरुणाला खिळलेल्यांची कूस बदलायची, पाठीला तेल लावायचं, हे त्यांचं काम. थकलेली कातडी ओढली की दुखावते, हे त्या तिथे शिकल्या. वाचता जेमतेम यायचं. बाटल्या त्या झाकणाच्या रंगावरून ओळखत: निळं ते खोबरेल, पांढरं ते ग्लिसरीन, गुलाबी ते गुलाबपाणी. चौथी बाटली त्यांच्याकडे नव्हती. हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

येणाऱ्या बायका बहुतेक कांदा काटणाऱ्या, ज्वारी काढणाऱ्या, काही शिक्षिका. पस्तिशी गाठली की उन्हातलं कातडं आधी डोळ्यांच्या कडांना चुरगळतं, मग गालावर सैल होतं. मावशींना ते बोटाच्या पाठीने कळायचं. बोटांची टोकं खरबरीत झालीत म्हणून त्या गालाला नेहमी बोटाची पाठ लावत. “म्हातारं न्हाई झालं. दमलंय. आत्ता जपलं तर लई वरीस साथ देईल,” असं सांगत. साबण कपड्याला, तोंडाला नुसतं कोमट पाणी. अंग ओलं असतानाच दोन थेंब तेल. उन्हात जायच्या आधी पदर, नंतर नाही. आणि हात कायम खालून वर. “खाली वढायला वय बसलंय की. तू कशाला वढती?”

एकदा एक बाई खुर्चीत बसता बसता म्हणाली, “मावशी, गोरं व्हायचं मलम द्या की. नवरा म्हनतो, मळकट दिसती.”

“गोरं करायचं दुकान फुडं हाय. हितं हाय ते जपत्यात,” मावशी म्हणाल्या. “आन् नवऱ्याला आन एकदा. त्याचं बी धुऊन देते.” खोली हसली. ती बाईही.

मी नगरला वर्तमानपत्रात काम करते, माहेर मिरजगावचं. छत्तीस वर्षांची असताना आईबरोबर गेले, तेव्हा मावशींनी माझ्या जबड्याखाली बोट टेकवलं. “नंदे, हितं ढिलं पडाय लागलंय. घाबरू नको. आता धरलं तर धरतंय.” मला राग आला होता. पण पुढे प्रत्येक फेरीत मी त्यांच्याकडे जाऊन बसू लागले. एका दिवाळीत त्या एका बाईचा चेहरा टिपत असताना मी मोबाईलवर फोटो काढला. थंडीतल्या त्वचेची काळजी, असा काही मजकूर पुरवणीसाठी लिहायचा विचार होता. लिहिला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मी एक बातमी केली. काही पार्लरांतून बिननावाच्या ट्यूब विकल्या जात होत्या. त्यांनी कातडी आधी उजळायची, मग पातळ होऊन लाल पडायची. चार तालुक्यांतल्या बायकांशी मी बोलले होते. बातमी खरी होती. मिरजगावचा त्यात उल्लेख नव्हता. पान छपाईला सोडायला पंधरा मिनिटं असताना पान लावणारा सहकारी म्हणाला, “मॅडम, फोटो? जागा रिकामी दिसतेय.” मी मोबाईल चाळला आणि दिवाळीतला फोटो पाठवला.

“ह्यात कुणी ओळखू येत नाही ना?”

“नाही. नुसते हात आहेत.”

फोटोखालची ओळही मीच लिहिली: गावोगावच्या पार्लरमध्ये अशा मलमांचा सर्रास वापर होत आहे.

मावशींच्या डाव्या अंगठ्याजवळ भाजल्याचा रुपयाएवढा डाग होता. खुर्चीत मान मागे टाकून बसलेल्या प्रत्येक बाईच्या डोळ्यांसमोर तो अर्धा अर्धा तास असायचा. गावाला त्यांचा चेहरा एखादवेळी चुकला असता. हात चुकणं शक्य नव्हतं. हे मला तेव्हा सुचलं नाही, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. डाग मला माहीत होता. फोटो पाठवताना तो मला दिसलाही होता.

पुढचं आईने फोनवर सांगितलं. शनिवारी येणाऱ्या शिक्षिका यायच्या बंद झाल्या. कांद्याच्या शेडवरच्या दोघी मात्र आल्या, दारातच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “मावशी, आमाला काय लावलं हुतं वो?” मावशींनी तिन्ही बाटल्या उघडून त्यांना हुंगायला दिल्या. स्वतःच्या गालाला लावून दाखवल्या. त्या “व्हय, व्हय” म्हणाल्या आणि खुर्चीत न बसताच गेल्या.

मी महिन्याने गेले. माफीची वाक्यं बसमध्ये जुळवली होती. खोलीत कुणी नव्हतं. आरशासमोरच्या फळीवर पेपरचा तो तुकडा घडी घालून ठेवलेला होता. मी काही बोलायच्या आत त्यांनी तो उलगडला.

“फोटो बेस आलाय. हात किती सुरकुतल्यात, ते ह्यात बघून कळलं. सगळ्यांची तोंडं केली, हातास्नी कवा काय लावलं न्हाई.”

“मावशी, चुकलं माझं.”

“बस. मान बघू.”

मी बसले. त्यांनी पाणी लावलं, टिपलं, दोन थेंब तेल घेतलं आणि जबड्याखालून कानापर्यंत बोटांची पाठ फिरवली. हात नेहमीइतकाच हलका होता. सगळं झाल्यावर म्हणाल्या, “नंदे, येक कर. ते मलम माझं न्हाई, येवढं छाप.”

“बघते, मावशी.”

आमच्या धंद्यात ‘बघते’चा अर्थ काय होतो, हे मला माहीत होतं. त्यांना नव्हतं.

संपादकांना मी विचारलं. ते म्हणाले, “आपण नाव दिलंय का? नाही ना? मग खुलासा कुणाचा? उलट खुलासा छापला तर नाव जाहीर होईल.” मी दुसऱ्यांदा बोलले नाही. केबिनमधून बाहेर पडताना मला सुटल्यासारखं वाटलं, हे इथे नोंदवायला हवं.

पावसाळ्यात आईचा फोन आला. “ती हळू रोज गिरणीत येऊन पेपर चाळती. गिरणीवाल्यानं इचारलं, काय हुडकताय? तर म्हनली, नंदीनं शबुद दिलाय, फोटो यायचाय.” फोटोने जे बिघडलं ते फोटोनेच दुरुस्त होणार, अशी त्यांची समजूत होती. म्हणून त्या शेवटच्या पानापर्यंत स्वतःचे हात शोधत.

दिवाळीआधी खोली बंद झाली. खुर्ची त्यांनी गिरणीवाल्याला दिली, तीन बाटल्या बरोबर नेल्या. आता त्या नागापूरला लेकीकडे असतात; जावई एमआयडीसीत कामाला आहे. माझ्या ऑफिसपासून रिक्षाने वीस मिनिटं. मी गेलेले नाही.

सकाळी तोंड धुतल्यावर हात टॉवेलने घासायला जातो आणि थांबतो. मी टिपून घेते. खोबरेल खालून वर लावते. जबड्याखाली जे ढिलं पडायला लागलं होतं, ते फारसं पुढे गेलेलं नाही.

तो फोटो मी बातमीनंतर आठवड्याभरात मोबाईलमधून काढून टाकला. त्यामुळे या मजकुरासोबत फोटो नाही, आणि मजकूर त्यांना वाचता येणार नाही. लेकीच्या घरी आमचाच पेपर येतो. शेवटचं पान उलटून झाल्याशिवाय मावशी तो अजूनही खाली ठेवत नाहीत, असं आई सांगते.