गोठ्यातल्या मोटारीच्या काचा

आबा सांगलीकडच्या एका सरकारांच्या पदरी तीस वर्षं मोटार हाकत होते. सरकारांनी नवी गाडी घेतली, तेव्हा जुनी आबांनी मागून घेतली आणि साताऱ्याजवळच्या आमच्या गावी आणून गोठ्यात बांधली. बांधली असंच म्हणायचं, कारण महायुद्धात पेट्रोल कुपनावर गेलं आणि ती म्हशींशेजारी उभीच राहिली. गोठ्याच्या ओलीनं खिडक्यांच्या चौकटी गंजल्या, त्यांचे पोपडे सुटू लागले.

तोवर दम्यानं आबांनी बाज धरली होती. मिरजेच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं.

"न्यायचं तर माझ्याच गाडीतनं," ते म्हणाले. "पर असल्या तोंडानं ती सांगलीत शिरायची न्हाई. चौकटी नीट करा, मास्तर."

मास्तर म्हणजे मी, त्यांचा मुलगा. वय सव्वीस, हाताला सवय फक्त खडूची. आबा बाजेवरूनच मला शिकवू लागले.

"आदी काचा काड. मग चमकता पत्रा दिसस्तवर गंज खरवड. शेंदरी रंग दे, वाळू दे, मग भोकांत लांबीचा लगदा भर. काचा काडल्याबिगर लांबीला शिवू नगंस, लय वंगाळ चिकटती ती."

पहिल्याच स्क्रूशी मी तासभर झुंजलो. स्क्रू जागचा हलला नाही, स्क्रूड्रायव्हर मात्र माझ्या अंगठ्यात घुसला. मग मी विचार केला, आणि मी कधीही विचार केला की घरात काहीतरी मोडतंच. काचा तशाच ठेवून गंज वरवर घासला, भोकांत लांबी दडपली, वर काळा रंग फिरवला.

"काचा काडल्या हुत्यास न्हवं?"

"काढल्या की, आबा."

आईनं आणि मी त्यांना धरून गाडीपाशी आणलं. ते बराच वेळ बघत राहिले. "व्हय की! मास्तर, हात हाय तुमाला."

जन्मात पहिल्यांदा त्यांनी मला चांगलं म्हटलं होतं. त्या रात्री मला झोप आली नाही, आणि ती खोटं बोललो म्हणून नव्हे.

लढाई संपून पेट्रोल मिळू लागलं होतं. वैशाखात निघालो; आबांनी कधीकाळी शिकवलेलं आठवत गाडी मीच हाकत होतो. कराड सोडलं आणि त्यांचा श्वास वाजू लागला. "काच खाली घे," ते आईला म्हणाले. हँडल अर्धवट फिरलं आणि अडकलं. तिनं पलीकडची पाहिली. चारही काचा मी सारख्याच निष्ठेनं चिकटवल्या होत्या. मी गाडी थांबवली, दार उघडून त्यांना वारा दिला. पण दवाखाना गाठायचा होता, पुन्हा निघावं लागलं.

आरशात मला दिसलं, ते चौकटीच्या कडेवरून बोट फिरवत होते. तीस वर्षं गाड्या पुसलेलं बोट. ते एका जागी थांबलं.

"आवं, काय झालं?" आईनं विचारलं.

"काय न्हाई. भाईर गारवा हाय. बंदच बरी."

बाहेर डांबर वितळत होतं.

दवाखान्याच्या आवारात तीन दिवस मी सुरीनं लांबी कोरत बसलो. परतताना तरी त्यांना वारा मिळावा, एवढंच डोक्यात होतं. तिसऱ्या दिवशी त्यांच्या बाजूची काच सुटली. सांगायला धावत वर गेलो, तर आई खाटेच्या पायाशी उभी होती.

कृष्णेवर सगळं उरकून आम्ही दोघं परत निघालो. आई मागे आबांच्या जागी बसली. इस्लामपूर गेल्यावर म्हणाली, "काच वर घे रं, डोळ्यांत धूळ जातीया."

हँडल तिच्या हाताशी होतं. तिनं त्याला हात लावला नाही. मी गाडी उभी केली, उतरून मागे गेलो आणि काच वर घेतली.