करंजाच्या बुडाशी उगवलेला देव

माझं लग्न होऊन मी धारवाडला आले, त्या वर्षीची ही गोष्ट. दुसरं महायुद्ध अजून सुरू व्हायचं होतं. परसात एक जुना करंज होता, आणि सात-आठ पावलांवर सासूबाईंनी स्वतः लावलेला आवळा. कार्तिकात सगळी गल्ली त्या आवळ्याखाली जेवायला बसायची. घरात त्याला थोरल्या मुलाचा मान.

श्रावणात करंजाच्या बुडाशी तांबूस, तकतकीत असं काहीतरी उगवलं. पाटाला रोगण फिरवावं तसं. त्यातून तपकिरीसारखी बारीक भुकटी पडायची. बायका म्हणाल्या, देवी प्रगटली. झालं, हळदकुंकू सुरू. भुकटी आम्ही अंगारा म्हणून कपाळाला लावायचो, आणि सासूबाई रोज चिमूटभर आवळ्याच्या खोडालाही लावायच्या. मीही लावली, खोटं कशाला सांगू?

शेजारी एक कानडी म्हातारे राहायचे. अळणावर गावाजवळच्या रानात गार्ड म्हणून त्यांचा जन्म गेलेला. त्यांना मी अंगारा द्यायला गेले, तर ते काठी घेऊन थेट आमच्या परसात आले आणि करंजावर काठी वाजवून बघितली. बद्द आवाज आला.

"अक्का, हा देव नव्हे, अळंबी आहे. हे झाड आतून संपलं. आता मुळामुळांनी पुढच्या झाडावर जाणार."

"एवढी वर्षं रानात काढलीत, आणि देव ओळखता येईना?" सासूबाई म्हणाल्या.

"देव असेल तर राहील की हो. आवळा राहायचा नाही."

पुढचे दोन दिवस सासूबाईंनी पूजा केली, पण आवळ्याला अंगारा लावला नाही. तिसऱ्या दिवशी न्हाऊन आल्या, नमस्कार केला आणि ती अळंबी स्वतःच कोयत्याने काढून जाळली. मग म्हाताऱ्यांच्या सांगण्यावरून करंज तोडला, आणि दोन्ही झाडांच्या मधे कंबरभर खोल चर खणला.

त्या चरात मी वाकून बघितलं आणि बघतच राहिले. वर दोन झाडं एवढी लांब, खाली मुळं एकमेकांच्या गळ्यात गळा घालून बसलेली. करंजाच्या मुळांवर पांढरा लेप, हात लावला की भिजल्या पुठ्ठ्यासारखी सुटायची. त्यांना बिलगलेलं आवळ्याचं मूळ अजून घट्ट होतं. म्हातारे पांढरं दिसेल तेवढं सगळं तोडत, वेचत गेले. पायाखाली एवढा संसार चालला होता आणि आम्ही वर रांगोळ्या घालत होतो!

"आणि मी लावलेला अंगारा?" सासूबाईंनी हळूच विचारलं.

ते अळंबीचं बी, जखमेतून आत शिरतं. खोडाला कुठं जखम दिसत नाही, म्हातारे म्हणाले, पण चैत्रापर्यंत थांबा.

त्या कार्तिकात आवळीभोजन झालं नाही. माघात आवळ्याची पानं झडली. दरवर्षीच झडतात, पण त्या वर्षी सासूबाई रोज सकाळी उघड्या फांद्यांखाली जाऊन उभ्या राहायच्या.

चैत्रात एकदा त्यांनी मला हाक मारली. फांदीवर तिळाएवढे तांबूस कोंब फुटले होते. त्यांनी माझं बोट धरून एका कोंबावर टेकवलं.