बाजेपुरती जागा

चार बाया जमल्या की मला म्हणतात, तुझ्या मालकाचं काहीतरी सांग. बावीस वर्षांच्या संसारात आमच्या घरातून एक वस्तू बाहेर गेली न्हाई, मग किस्से तरी कुठं जातील? बरं, किस्से जागा अडवत न्हाईत. बाकी सगळं अडवतं. लेकीचं, सुमनचं, पहिलं बाळंतपण आमच्याकडं, आणि आतल्या खोलीत तिची बाज टाकायला जागा न्हाई!

*

टॉर्चचे संपलेले सेल मालक पत्र्यावर उन्हात घालतात, पापडासारखे. तापले की थोडे पेटतात म्हणे. मी एकदा सगळे उचलून उकिरड्यात फेकले. पुढं खताची गाडी शेतात रिकामी केली, तर मालक खतातून सेल वेचून घरी घेऊन आले.

म्हणाले, "खतात बी तापले असतील."

*

मयताचं कार्ड वाचलं की फाडून टाकायचं, घरात ठेवायचं न्हाई. आमचे मालक ते बी तारेला टोचून ठेवतात. एकदा त्यांची जवळा बाजार गावची आत्या आली. मी चौथी शिकलेली, म्हणून म्हणाली, पोरी, तारेवरचं एखादं पत्र वाचून दाखव. मी हाताला लागलं ते काढलं. ते तिच्याच नवऱ्याच्या दहाव्याचं निघालं.

आत्या मालकांवर खवळली. फाडलं काहून न्हाई?

"कसं फाडू? पत्ता हाय त्याच्यावर."

"कोणाचा?"

"आमचा."

*

मग मी भंगारवाल्याला सांगावा धाडला. तो सायकलवर आला. मालकांनी त्याला चहा पाजला, पानसुपारी दिली. तो गेला तेव्हा आमचं सगळं जागच्या जागी होतं, वर त्याच्याकडची दांडा नसलेली छत्री घरात आली होती.

मी नुसतं बघितलं. मालक म्हणाले, "दांडा हाय आपल्याकडं."

*

सुमनला सातवा लागला. मी म्हणलं, आता खोली रिकामी करा. मालक म्हणाले, आधी तुझ्या माहेरची पेटी काढ, तिला तरी कुठं बूड हाय? त्यांना वाटलं, मी गप बसेन. मी पेटी उचलली आणि अंगणात आदळली. मग तुटकी तिफण, दुष्काळात आलेल्या मिलो ज्वारीची रिकामी पोती, गळके डबे, सगळं तिच्यामागं. मालकांनी दोनदा आत नेलं, मी दोनदा बाहेर काढलं. तिसऱ्यांदा मी उंबऱ्यातच बसले.

"न्यायचं तर माझ्यावरून न्या," म्हणलं.

न्हाई नेलं.

*

दुसऱ्या दिवशी सुमनचे सासरे तिला बैलगाडीनं घेऊन आले. लेक उतरली, मी भाकरतुकडा ओवाळून टाकला. व्याही मात्र अंगणातल्या ढिगापाशीच थांबले. एकेक वस्तू उचलून, फिरवून बघू लागले.

"हे काहून फेकून राहिले हो? चांगलं तर हाय."

मालकांचा चेहरा उजळला. मी डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणलं, "आवडलं तर न्या. गाडी रिकामीच चालली."

व्याह्याला न्हाई म्हणायची मालकांची छाती होईना. खाली मान घालून तेच सामान चढवू लागले. मी बी हात लावला. असा हुरूप मला लग्नात बी आला नव्हता.

सुमन पोटावर हात ठेवून बघत होती. जवळ येऊन हळूच म्हणाली, "माय, लेकरू घेऊन मला तिथंच जायचं हाय."

माझ्या हातात जाळी फाटलेली चाळणी होती. ती बी मी गाडीत टाकली.