चार टाळ्या

“टाळ्या वाजव. शब्दाचे जितके तुकडे, तितक्या टाळ्या.”

नागपूरच्या मिहानमधल्या एका कंपनीत ट्रेनिंगचा दहावा दिवस. परदेशी गिऱ्हाइकांना फोनवरून आमच्याकडच्या विणकरांचं कापड विकायचं काम. शुक्रवारच्या परीक्षेत इंग्रजी बोलणं जमलं तर नोकरी पक्की, नाही तर परत गावी, उमरेडला.

शब्द होता ‘हँडवोव्हन’. हातमागावर विणलेलं. मला, विणकराच्या पोरीला, तो शिकवत होत्या रामदासपेठेतल्या मॅडम. इंग्रजी शाळेत शिकलेल्या, आणि ते कुणाला विसरू न देणाऱ्या.

टाळ्या तीन हव्या होत्या. हँड. वो. व्हन. माझ्या चार पडल्या. हात आपोआप मागाच्या ठेक्यात गेले. धोटा गेला, फणीचे दोन ठोके, धोटा परत आला. लहानपणापासून झोपेतही हेच ऐकलेलं.

वर्ग हसला. मॅडम म्हणाल्या, “बालवाडीतली मुलंही करतात हे. उभी राहा. जमेपर्यंत वाजवत राहा.”

मी वाजवत राहिले. तळवे लाल झाले. चोवीस वर्षांची घोडी मी, आणि माकडासारखी नाचत होते. लाज वाटत होती, त्याहून जास्त स्वतःचा राग येत होता.

आमचे फोन मॅडमच्या टेबलावरच्या ट्रेमध्ये ठेवलेले असत. माझा पुन्हा पुन्हा वाजला. मॅडमनी उचलला आणि स्पीकरवर टाकला.

“काहून वं माय, फोन काहून उचलून नाही राहिली? जेवली का?”

वर्ग फुटला. मॅडम हसू दाबत म्हणाल्या, “आता कळलं हे उच्चार कुठून येतात. कोण आहेत हे?”

मी म्हणाले, “गावाकडचं कोणीतरी.”

बाबांनी ऐकलं. मग हळूच म्हणाले, “गलती झाली मॅडम. ठेवतो.”

माझा बाप. ज्याने विणलेलं कापड हे लोक विकणार होते, तो माफी मागत होता. आणि त्याला परकं मी केलं होतं, मॅडमनी नाही. हे मला आजही गिळता येत नाही.

मी पुढे झाले आणि फोन ओढून घेतला.

“बाबा, ठेवू नका. मी खोटं बोलली. मले माफ करा. मी जेवली नाही. हे मॅडम मले टाळ्या वाजवाले लावून राहिली.”

आता कोणी हसलं नाही.

“या खोलीत ही भाषा चालणार नाही,” मॅडम म्हणाल्या. “सगळ्यांसमोर सॉरी म्हण, तरच शुक्रवारी परीक्षेला बसू देईन.”

“ज्याला म्हणायचं होतं, त्याला म्हटलं,” मी म्हणाले आणि बॅग उचलली.

नोकरी गेली. दुसरी शोधते आहे. तिथेही कोणी माझ्या उच्चारांना हसेल, खुशाल हसो. पण फोनवर कोण आहे असं विचारलं, तर उत्तर एकच मिळेल. माझा बाप आहे, आणि तुम्ही जरा थांबा.