घराला रंग काढलाच नव्हता

परदेशात संशोधनाला गेलेल्या माझ्या सिंधुदुर्गातल्या मुलांनो, तुमच्या घरचे तुमच्याशी खोटं बोलतात.

"हयसर सगळा बरा आसा, तू तुझा काम बघ." दर रविवारी ऐकता ना हे?

तुम्हाला संशय येतो. खोदून विचारलंत की फोन दुसऱ्याच्या हातात जातो. तुम्ही चडफडता आणि कॉल संपतो.

त्या खोटं बोलणाऱ्यांतला एक मी आहे.

आज विलासला जाऊन वर्ष झालं.

विलास माझा शाळेपासूनचा मित्र. मालवणजवळच्या आमच्या हायस्कुलात तो लॅब अटेंडंट होता. दुसऱ्यांच्या मुलांनी वापरलेल्या टेस्ट ट्यूब आयुष्यभर धुतल्या त्याने. आणि त्याची मुलगी दीपाली समुद्री शेवाळावर पीएचडी करायला नॉर्वेला गेली.

ती निघाली तेव्हा अख्खी वाडी सल्ले देत होती.

कोकमाची सोलं किती न्यायची. कुळथाची पिठी कशात बांधायची. थंडीत कानाला काय गुंडाळायचं. यावर दोन तास चर्चा!

तिथे राहण्याचं परमिट कधी संपतं, नवीन येईपर्यंत देशाबाहेर पडता येतं का, घरी अचानक यावं लागलं तर कुठला कागद लागतो, हे एकाने विचारलं नाही. मीही नाही. मी सत्काराचं भाषण केलं. चाळीस मिनिटं.

मग देवळात नारळ ठेवला. गाऱ्हाणं मीच घातलं.

"बा देवा म्हाराजा, ह्या आमचा चेडू शिकूक परमुलखात जाता. तेच्या कानार घरचो वायट शबुद पडूक देव नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे एका आवाजात.

आणि देवाला सांगितलेलं काम आम्ही स्वतःच करायला घेतलं.

दोन वर्षांनी विलासच्या फुप्फुसात पाणी झालं. गोव्याला इस्पितळात हलवलं. पहिल्याच दिवशी त्याने माझा हात धरला.

"दीपालीक सांगलंस तर माझी शपथ आसा तुका."

"अरे, पण तिका कळूक नको?"

"कळला तर ती धावत येतली. मगे तिचा काम कोण करतलो? तू? तुका शेवाळार पाय घसारता तेवढाच म्हायत!"

हसलो आम्ही दोघेही. तो खोकेपर्यंत हसलो.

तेव्हा हसलो नसतो तर बरं झालं असतं.

रविवारी व्हिडिओ कॉल. इस्त्रीचा फुल शर्ट, हातातली सलाईनची सुई दिसू नये म्हणून. फोन मी धरायचो, खाट दिसू नये म्हणून.

"बाबा, मागची भिंत हिरवी कशी?"

विलास माझ्याकडे बघायला लागला. मी बोलणारा माणूस. मला शब्द शोधावे लागत नाहीत.

"अगो, घराक नवो रंग काढलो!"

"हिरवो? आयेक आवडलो?"

"आवडलो म्हणजे काय! शेजारी बघूक येतत."

मुलगी खूश झाली. मी माझ्यावर खूश झालो.

सव्वीस दिवस असं चाललं.

शेवटी डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा मी दीपालीला फोन केला. ती म्हणाली, "काका, माझं परमिट रिन्युअलला आहे. आत्ता निघाले तर परत आत घेणार नाहीत. परतीचा व्हिसा पोलिसांकडून घ्यावा लागतो. त्याला दिवस लागतात."

मग ओरडली. "आधी कित्या नाय सांगलास?"

दुसऱ्या दिवशी सकाळी विलास गेला. अग्नी पुतण्याने दिला. तिने फोनवर बघितलं. फोन मीच धरला होता.

तिचा कागद दहा दिवसांत आला. ती बाराव्याला पोचली, म्हणजे माझ्या फोननंतर बारा दिवसांनी.

सव्वीसातून बारा वजा करा. चौदा दिवस. पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर चौदा दिवस ती बापाच्या उशाशी बसली असती. कामही गेलं नसतं. विलास गेलाही असता तो हसत, "बघ, चेडू येवन भेटला की नाय!" म्हणत.

ते चौदा दिवस मी खाल्ले. आजाराने नाही. नॉर्वेच्या सरकारने नाही. आमच्या मायेने आणि माझ्या तोंडाने.

आली तेव्हा ती आईच्या गळ्यात पडली नाही. पडवीतून माजघरात गेली, तिथून मागच्या खोलीत. परत आली. सगळीकडे तोच जुना चुना, पोपडे आलेला.

"काका, रंग खंय काढलात?"

एवढंच. त्यानंतर तिने मला काही विचारलं नाही. आजपर्यंत नाही.

मला कोणी "काळजीपोटी केलंत हो" म्हणून समजूत घालू नका. काळजी माणसाला मुलांपासून तोडायचा परवाना देत नाही. जी मुलगी एकटी परक्या मुलखात राहते, घर चालवते, प्रबंध लिहिते, तिला बापाचा आजार झेपणार नाही हे ठरवणारे आम्ही कोण?

गेल्या महिन्यात फोंडाघाटचा एक मुलगा जपानला निघाला. गाऱ्हाणं घालायला मलाच बोलावलं. मी म्हटलं, "बा देवा म्हाराजा, घरात बरा-वायट काय झाला तर तेका त्याच दिवशी कळवूची बुद्धी आमका दी रे म्हाराजा!"

क्षणभर कोणी "व्हय म्हाराजा" म्हणेना. मग त्याची आई म्हणाली. एकटीच. पण मोठ्याने.

विलासा, तुझी शपथ मी मोडली, पण सव्वीस दिवस उशिरा. माफ कर म्हणत नाही. तुला शेवटचा नमस्कार.

आणि मुलांनो, परमिटची तारीख, परतीचा कागद, हे सगळं तुम्ही बघालच. ते तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त कळतं. पण कागदाच्या रांगेत उभं राहायला बातमी वेळेवर लागते.

म्हणून आज, हे वाचून झाल्यावर लगेच, घरी फोन लावा. घरातलं, नाहीतर शेजारचं एक माणूस निवडा आणि त्याच्याकडून वचन घ्या: "कोणी आजारी पडला तर माका त्याच दिवशी सांगतलंस."

ते "व्हय" म्हणेपर्यंत फोन ठेवू नका.