पाठमोरी चढाई

माझ्या नावावर रग्बीतले पुष्कळ ट्राय आहेत. ट्राय म्हणजे चेंडू घेऊन समोरच्यांच्या रेषेपलीकडे जायचं आणि तो जमिनीला टेकवायचा. त्यातला एकही माझा एकटीचा नाही, असं म्हटलं की माझ्या शाळेतल्या मुली हसतात. त्यांना वाटतं, मॅडम उगाच नम्रपणा करतात. मी नम्र नाही, विचारा माझ्या नवऱ्याला.

अमरावतीच्या आमच्या कॉलेजात खेळाच्या सरांनी रग्बीचा संघ उभा केला, तेव्हा आमच्यापैकी एकीनेही तो खेळ धड पाहिलेला नव्हता. सात जणी मिळतील तिथून गोळा केलेल्या. मी खो-खोची, म्हणून मला अगदी कडेला उभं केलं, पळायला. राजापेठेतली एक हँडबॉल खेळणारी होती. तिच्या हातात चेंडू शांत बसायचा, म्हणून ती मधोमध, डाव रचायला. आणि अकोटकडची एक दांडगी मुलगी, कबड्डीची. ती पुढे, धडका द्यायला.

पहिल्याच सराव सामन्यात या कबड्डीवालीला चेंडू मिळाला. तोंडाने ‘कबड्डी, कबड्डी’ पुटपुटत ती समोरच्या मुलींत घुसली. तिघींनी तिला धरलं. तर ही बया तिघींना अंगावर घेऊन गर्रकन वळली आणि आमच्याच बाजूला यायला लागली. मध्यरेषा शिवायला!

“अवं समोर जा, समोर!” सर शिट्टी सोडून ओरडले.

“धरलं ना सर त्यायनं! वापस नाही येऊ त काय करू?”

आम्ही आठवडाभर हसलो. सगळ्यात जास्त मी. हिच्यासाठी उलट्या पळण्याची शर्यत ठेवा, असं मीच सरांना सुचवलं होतं. तीही हसायची, आणि पुढचा चेंडू मिळाला की पुन्हा तेच. लहानपणापासून अंगात मुरलेली सवय ती, दोन दिवसांत कशी जाणार!

हँडबॉलवाली मात्र हसली नाही. रग्बीत हाताने चेंडू द्यायचा तर मागेच द्यावा लागतो. ती म्हणाली, “थे वळते तवा तिचे हात आपल्याकडं असतात. अन् तिघी तिच्या अंगावर. मंग कडेले राह्यलं कोण?”

तिथून आमचा खेळ सुरू झाला. कबड्डीवाली घुसायची, तिघींना ओढून घ्यायची, वळायची आणि चेंडू हँडबॉलवालीकडे द्यायची. ती पळायची, पण चेंडू सोडायचीच नाही. मी कडेने बोंबलायचे, “दे ना वं!” माझ्यासमोरची शेवटची मुलगी मला सोडून तिच्या अंगावर जाईपर्यंत ती थांबायची. मग चेंडू माझ्याकडे, आणि धडक तिला. माझ्यासमोर उरायचं नुसतं गवत. ते पार करून मी चेंडू टेकवायचे आणि टाळ्या घ्यायचे. तेव्हा मला खरंच वाटायचं की मी फार भारी खेळते.

मग अकोल्याचा सामना आला. राज्याच्या संघासाठी तिथे मुली निवडणार होते. त्या निवडीवर पुढे खेळाडूंच्या राखीव जागेतून नोकरीचा अर्ज करता येणार होता. कबड्डीवालीला पोलिसात जायचं होतं. एसटीत रस्ताभर ती तेवढंच बोलत होती.

शेवटचं मिनिट, बरोबरीचा सामना. चेंडू तिच्याकडे, अंगावर दोघी लटकलेल्या, रेषा तीन पावलांवर. दोघींना तीन पावलं ओढणं तिला मुळीच जड नव्हतं. पण ती वळली. चेंडू हँडबॉलवालीकडे, तिच्याकडून माझ्याकडे, आणि मी कोपऱ्यात टेकवला. निवडणाऱ्यांच्या कागदावर माझं नाव चढलं. तिचं नाही. आज मी शाळेत खेळाची शिक्षिका आहे, ती त्या कागदामुळे. ती अकोटला घरची शेती बघते आणि संध्याकाळी पोरींना कबड्डी शिकवते.

सवयीने वळली बिचारी, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. तसं धरणं मला सोयीचंही होतं.

मागच्या महिन्यात सरांना त्या सामन्याची मोबाईलवरची जुनी चित्रफीत सापडली. त्यांनी ती मला पाठवली. त्यात ती मान वर करते. रेषा बघते. मग कडेला माझ्याकडे बघते. आणि मग वळते. मी ते किती वेळा पाहिलं, सांगता येणार नाही. रडले, हेही सांगून टाकते.

रविवारी अकोटची एसटी धरली. ती चुलीपाशी चहा ठेवत होती. इकडचं तिकडचं बोलणं मला कधी जमलं नाही, सरळ विचारलं, “रेघ तीन पावलांवर होती. काहून नाही गेली तू?”

“मले कुठं दिसली रेघ? मी त उलटी होती. तूच दिसली.”

मोबाईल माझ्या पर्समध्ये होता. मी तो बाहेर काढला नाही. तिचा हात धरला आणि म्हटलं, “माझं सगळं तुझ्यामुळे आहे गं.” हे मी तिला आयुष्यात पहिल्यांदा म्हणत होते.

“पागल झाली का वं?” ती म्हणाली, आणि गाळणी शोधायला म्हणून पाठ फिरवून बराच वेळ उभी राहिली.